ग्वाल्हेरला गाणं ऐकायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याचे चुलतभाऊ, ठाण्याची मावसबहीण, तिच्या भिशीतल्या मैत्रिणी, नागपूरला गेलेले जुने शेजारी, सगळ्यांची सुरुवात एकच: "तानसेन कधी आहे रे यंदा?" मग राहायचं कुठे, थंडी किती, मराठी चालतं का, असं सुरू होतं. माझा जन्म ग्वाल्हेरच्या लश्कर या जुन्या भागातला, आणि तानसेन समारोहाला, म्हणजे डिसेंबरातल्या इथल्या शास्त्रीय संगीताच्या उत्सवाला, मी शाळकरी वयापासून जातो. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

तानसेन समारोह नेमका कधी असतो?

तारखा दर वर्षी बदलतात. १५ डिसेंबर ते महिनाअखेर या पंधरवड्यातले चार-पाच दिवस धरून चला. मध्य प्रदेशचं संस्कृती खातं तारखा जाहीर करतं आणि भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमी कार्यक्रम आखते. कलाकारांची पूर्ण यादी बऱ्याचदा उशिरा हाती येते. तिची वाट बघत बसलात तर गाडीचं आरक्षण जाईल. तारखा कळल्या की तिकीट काढा. कोण गाणार ते नंतर बघू.

तिकीट किंवा पास लागतो का?

नाही. या, जागा बघा, बसा. पुढच्या काही रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात, तिथून कुणी उठवलं तर वाईट वाटून घेऊ नका. कडेला, स्वरमंडपाच्या जरा मागे बसलात तर आवाज उलट बरा लागतो. ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी बसून तंबोरा ऐकू येत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी काय असतं? संध्याकाळीच आलं तर चालेल ना?

चालेल, पण तुमचं फार मोठं नुकसान होईल. माझं ऐका आणि पहिल्या दिवशी सकाळीच हजिऱ्याला, म्हणजे तानसेनाची कबर आहे त्या भागात, पोचा.

तिथे मोठी, दगडी जाळ्यांची वास्तू दिसेल ती सूफी संत महंमद गौस यांची कबर. तिच्या शेजारी, त्या मानाने अगदी लहान आणि साधी, ती तानसेनाची. सकाळी आधी सनई वाजते. मग ढोलीबुवा मठाचे महाराज हरिकथा करतात. हा नाथपंथी मठ आमच्या लश्करातला. त्यानंतर मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, होतो आणि कबरीवर चादर चढते. सूफी पिराच्या दारात बुवांची कथा चालू आहे, मौलवीसाहेब बाजूला बसून ऐकताहेत आणि पुढे त्याच जागी मीलादचे स्वर उठताहेत, हे मी दर वर्षी बघतो आणि दर वर्षी मला भरून येतं. हे कुणी नवीन, दाखवण्यापुरतं उभं केलेलं नाही. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळात, १९२४ साली, हा उत्सव उर्स म्हणूनच सुरू झाला. २०२४ मध्ये त्याचा शंभरावा सोहळा झाला. कलावंत आजही इथे 'हाजिरी लावायला' येतात, शब्द तोच आहे.

संध्याकाळचं उद्घाटन, तानसेन अलंकरण हा पुरस्कार, भाषणं हे सगळं नंतर. मंच दर वर्षी एखाद्या जुन्या वास्तूच्या धर्तीवर उभारतात, तो बघण्यासारखा असतो. पण पहिली सकाळ चुकवू नका.

सगळ्या सभांना बसणं जमणार नाही. कुठली सभा धरावी?

सकाळची. माझं उत्तर बदललेलं नाही.

संध्याकाळी मोठी नावं असतात, गर्दी असते, दिवे असतात. सकाळी मात्र सतरंजी दवाने ओलसर असते, धुकं अजून झाडांत अडकलेलं असतं, आणि गायक दोन-तीनदा घसा साफ करून अल्हैया बिलावल रागाचा पहिला षड्ज लावतो. गेल्या काही वर्षांत माझ्या शेजारी बऱ्याचदा एक आजोबा असतात. शाल डोक्यावरून घेतलेली, डोळे मिटलेले, फक्त उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर तिलवाडा तालाच्या सोळा मात्रा मोजत असतात. गायक समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे मुखडा उचलतो आणि आजोबांचं बोट त्याच्याबरोबर समेवर पडतं. ते मान हलवत नाहीत, 'वाह' म्हणत नाहीत. ऐकायचं कसं हे मी त्या बोटाकडे बघून शिकलो.

दुसरी गोष्ट. प्रत्येक सभेची सुरुवात इथल्या संगीत महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने होते. लोक या वेळी चहाला जातात, आणि मला ते फार लागतं. वर्षभर तयारी करून आलेली ही मुलं असतात. तुम्ही पंधरा मिनिटं आधी येऊन बसा आणि त्यांना ऐका.

तिसरी गोष्ट माझ्या चुकीची. कॉलेजात असताना एका सभेत एका फार गाजलेल्या वादकासाठी आम्ही चौघे गेलो, ते संपल्यावर उठलो. दुसऱ्या दिवशी कळलं की आमच्यामागून एका फारशा माहीत नसलेल्या गायिकेने भैरवीतला टप्पा असा गायला की उरलेली माणसं जागची हलली नाहीत. तो टप्पा मला पुन्हा कधी ऐकायला मिळाला नाही. तेव्हापासून मी शेवटची भैरवी झाल्याशिवाय उठत नाही.

बेहटची सभा काय आहे? जावं का?

बेहट हे तानसेनाचं जन्मगाव, शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर. समारोहातली एक सभा तिथे, झिलमिल नदीच्या काठी होते. तिथलं महादेवाचं देऊळ एका बाजूला कललेलं आहे. तानसेनाच्या गाण्याने ते कललं अशी गावाची श्रद्धा. जरूर जा, पण परतीच्या गाडीची सोय आधी करून ठेवा. गावकरी मंडळी पोराबाळांसकट येऊन बसतात. त्या सभेचं वातावरण हजिऱ्यापेक्षा वेगळं, घरच्या कार्यासारखं असतं.

शेवटची सभा अलीकडे किल्ल्याच्या पायथ्याशी, गुजरी महालात होते.

तानसेन ख्याल गायचे का? ग्वाल्हेर घराणं त्यांचंच ना?

हा प्रश्न दर वर्षी येतो, म्हणून जरा सविस्तर.

तानसेन ध्रुपद गायचे, म्हणजे ख्यालाच्या आधीची जुनी गायकी. त्यांच्याही आधी राजा मानसिंह तोमराच्या दरबारात (१४८६ ते १५१६) ध्रुपदाला मोठा आश्रय मिळाला. ज्याला आपण ख्यालाचं ग्वाल्हेर घराणं म्हणतो ते त्यानंतर पुष्कळ उशिरा, शिंद्यांच्या काळात उभं राहिलं: नत्थन पीरबख्श आणि मग हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ. घराण्यात सांगतात की दरबारात बडे महंमद खाँ यांची तानबाजी ऐकायला या तरुण भावांना पडद्याआड बसवत, आणि त्यांनी ती नुसती ऐकून गळ्यात उतरवली.

गाणं ओळखायचं कसं? नुकताच ऐकू लागलेल्या माणसाला मी एवढंच सांगतो. ग्वाल्हेरचा गायक बंदिश पुढ्यात ठेवतो, स्थायी आणि अंतरा दोन्ही, शब्दांसकट, नीट. विलंबित म्हणजे संथ लय, पण इथे ती फार संथ नसते. तिलवाडा किंवा झुमरा ताल असा चालतो की तुम्हाला सम दिसत राहते. आवाज मोकळा, आकारातला. मग बहलावे, म्हणजे सुरांना खेळवत केलेला विस्तार, मग बोल, आणि मग ती सपाट तान, वरून खाली सरळ उतरणारी, मध्ये कुठेही न अडकणारी. राग बहुतेक आपल्या ओळखीचे: यमन, भैरव, बिलावल, गौड सारंग. अवघड रागाने चकित करण्यापेक्षा ओळखीचा राग भरभरून दाखवण्याकडे ओढा. ख्यालाबरोबर टप्पा आणि तराणा हेही या घराण्याचं धन. टप्पा ऐकायचा तर इथेच ऐका. पंजाबी शब्द, आणि प्रत्येक शब्दावर उसळणाऱ्या बारीक ताना. गळ्याची परीक्षाच असते ती.

यात मराठी माणसं कुठून आली?

सुरुवातीपासून आहेत. हद्दू-हस्सू खाँच्या तालमीत वासुदेवबुवा जोशी तयार झाले. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९ ते १९२६) शिकले आणि ही गायकी घेऊन दक्षिणेत परतले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तुमच्या गावातल्या गायनाच्या क्लासात भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, हार आहे, त्यांच्या गाण्याचं मूळ आमच्या या गल्ल्यांत आहे. म्हणून पुण्याहून येणाऱ्यांना मी सांगतो, तुम्ही परक्या गावी येत नाही आहात.

इथे राहिलेली शाखा शंकरराव पंडितांची. नत्थू खाँच्या घरचे निसार हुसेन खाँ त्यांच्या घरी राहिले आणि तिथेच त्यांनी विद्या दिली. ब्राह्मणाच्या वाड्यात मुसलमान गुरू घरच्यासारखा नांदला, त्या काळात. शंकररावांचे पुत्र कृष्णराव शंकर पंडित (१८९३ ते १९८९) यांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाभैय्या पूछवाले हे आणखी एक मोठं नाव. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये निघालेल्या माधव संगीत महाविद्यालयाशी ते जोडलेले होते.

या वास्तू बघता येतात का?

महाविद्यालयं चालू आहेत, तिथे मुलं शिकतात, तेव्हा आधी विचारून, वर्गात व्यत्यय न आणता जा. जिवाजीगंजातलं सरोद घर मात्र खास बघण्यासाठीच आहे. उस्ताद हाफिज अली खाँ यांचं ते घर. जुनी वाद्यं आणि फोटो तिथे जपून ठेवले आहेत. अमजद अली खाँ याच घराण्यातले, जन्म ग्वाल्हेरचा. पडावावरची तानसेन कला वीथिकाही वाटेत आहे, चित्रांचं प्रदर्शन लागलं असेल तर डोकावा.

युनेस्कोने 'संगीताचं शहर' म्हटलं, त्याने काय फरक पडला?

३१ ऑक्टोबर २०२३ ला ती घोषणा झाली आणि आम्हाला मनापासून आनंद झाला. पण मला वाटतं, शहराला संगीताचं नाव एका समारोहाने मिळत नाही आणि टिकतही नाही. शंभर माणसांच्या बैठका, दर महिन्याला, वेळेवर सुरू होणाऱ्या, हेच खरं. तिथे पंचवीस वर्षांचा गायक पहिल्यांदा दीड तास गातो. अशा बैठकीला तुम्ही येऊन बसलात तर त्या मुलाला केवढं बळ येतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

डिसेंबर जमत नाही. वर्षभरात आणखी काय असतं?

लक्ष्मीबाई कॉलनीतल्या गंगादासांच्या बड्या शाळेत (ही शाळा म्हणजे साधूंचा मठ) 'रागायन' या संगीतसंस्थेच्या सभा होतात. ही जागा मुद्दाम बघा. झाशीच्या राणीने शेवटचा श्वास इथे घेतला, आणि तिचा देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून लढताना ७४५ साधू पडले असं शाळेची परंपरा सांगते. त्या अंगणात तंबोरे लागतात.

जून महिन्यात फुलबागेजवळ राणीच्या समाधीपाशी बलिदान मेला भरतो, १८ जूनच्या स्मृतिदिनाला धरून. शस्त्रांचं प्रदर्शन, कविसंमेलन, झाशीहून येणारी ज्योत. उन्हाळा भयंकर असतो, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

गणपतीत आणि नवरात्रात लश्करातल्या मराठी घरांत आरत्या, कीर्तनं, गाण्याच्या बैठका. शिंदे की छावणीतल्या अर्जीवाल्या गणपतीला तर सगळं शहर जातं. दसऱ्याला कंपूतल्या मांढरे की माता मंदिरापाशी शिंदे घराण्याकडून शमीपूजन होतं आणि पानं लुटायला, म्हणजे सोनं घ्यायला, एकच झुंबड उडते. मोती महालाजवळच्या बैजा तालावर पाण्यातला मंच आहे, तिथेही अधूनमधून कार्यक्रम असतात. तलावाचं नाव बैजाबाई शिंद्यांवरून.

एक विनंती: छोट्या कार्यक्रमाला निघण्याआधी आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. माझी आत्या एकदा सोलापूरहून मुद्दाम एका सभेसाठी आली. आयोजकांनी तारीख पुढे ढकलली होती आणि कळवलं कुणालाच नव्हतं. कुलूप लावलेल्या सभागृहाच्या पायरीवर, सत्तरीची बाई, हातात मोगऱ्याचा गजरा. तो गजरा तिने शेवटी जवळच्या दत्तमंदिरात वाहिला. मला अजून त्याची लाज वाटते.

मराठी नाटक बघायला मिळेल का?

दाल बाजारातल्या नाट्य मंदिरात, आर्टिस्ट कंबाइन या नाट्यसंस्थेच्या जागेत. ही ग्वाल्हेरच्या मराठी रंगभूमीची जुनी जागा. नाटक लागलं असेल तर सोडू नका. दिवसभर दुकानात, बँकेत, शाळेत हिंदी बोलणारी माणसं संध्याकाळी तालमीला येऊन मराठी संवाद पाठ करतात. त्यांच्या उच्चारात हिंदीची झाक असेल, तिकडे कान देऊ नका, जीव ओतून केलेलं काम बघा. तरुण मुलं कमी येतात, ही आमची सगळ्यांत मोठी काळजी.

ग्वाल्हेरमध्ये मराठी चालतं का?

मराठी घरांत चालतं, बाजारात हिंदी. लश्करातल्या जुन्या वाड्यांचं दार वाजवलंत तर बरेचदा 'कोण आहे?' असंच ऐकू येईल. भा. रा. तांबे ग्वाल्हेर दरबारचे राजकवी होते, आणि १९६१ चं मराठी साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतोच.

लश्कर, मुरार, किल्लागेट... राहावं कुठे?

पुणेकरांना लष्कर म्हटलं की कॅम्प आठवतो. आमचं लश्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं शहर, महाराज बाड्याभोवतीचं. इथल्या मोहल्ल्यांची नावं वाचा: चिटणीस की गोठ, शितोळे साहब की गोठ, फालके बाजार, पाटणकर बाजार. गोठ म्हणजे 'शत्रूच्या गोटात' मधला गोट. ज्या सरदाराचा तळ जिथे, त्याच्या नावाची वस्ती तिथे. राहायला स्टेशन किंवा पडाव सोयीचं, तिथून हजीरा जवळ. बाड्याजवळ राहिलात तर गल्ल्या पायी फिरता येतात, पण मोटार आत नेण्याचा हट्ट धरू नका.

ग्वाल्हेरचा व्यापार मेलाही तेव्हाच असतो ना?

हो, डिसेंबरअखेर सुरू होतो आणि पुढे बरेच दिवस चालतो. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केला. कपडे, गालिचे, पाळणे, ताटाएवढे पापड, खजला, कडाक्याच्या थंडीत खायचं सॉफ्टी आइस्क्रीम. तिथल्या कला मंदिर रंगमंचावर कविसंमेलन आणि मुशायरा होतो. मुशायरा असेल त्या रात्री जा.

खायचं काय?

सकाळी बेडई-जलेबी. नया बाजारात बहादुराचे बुंदीचे लाडू. थंडीत गजक, इथली आणि मुरैन्याची, घरी न्यायला अर्धा किलो जास्तच घ्या.

महाराष्ट्रातून यायला गाडी कुठली?

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस आणि गोवा एक्सप्रेस. येताना फारसा त्रास नाही. जाताना मात्र उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्याने तासन्‌तास उशिरा धावतात, तेव्हा पुढचं विमान किंवा लग्नमुहूर्त त्याच दिवशी गाठायचा बेत करू नका. लोकर भरपूर आणा: शाल, कानटोपी, पायमोजे. रात्रीच्या सभेत जमिनीतून गारवा वर येतो, बसायला घडी करून एक जाड चादर घ्या.

तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुधारतो म्हणतात. खावा का?

श्रद्धा जुनी आहे, मोठमोठ्या गवयांनी तो पाला तोंडात घातल्याच्या गोष्टी आहेत. खाली पडलेलं पान उचललंत तर कुणी काही म्हणणार नाही. फांदी ओढू नका. आधीचं जुनं झाड आता राहिलेलं नाही, हे पुढचं आहे, त्याला वाढू द्या.

लहान मुलांना आणलं तर चालेल का?

आणाच. कडेच्या बाजूला बसा म्हणजे मूल रडलं तर पटकन उठता येईल. एका सभेत एकच कलाकार ऐकवा, दोन नकोत. दुपारी त्यांना किल्ल्यावर न्या. मान मंदिराच्या भिंतीवर निळ्या टाइलांमध्ये बदकांची ओळ आहे, ती त्यांना मोजू द्या. चारच्या आत खाली उतरा. एक झोप झाली की संध्याकाळच्या ध्रुपदाला मुलं ताजी असतात.